५१ चे दहा टक्के किती? सामोआच्या पहिल्या महिला पंतप्रधानांची गोष्ट

एक सोपं गणित. ५१ चे दहा टक्के किती?

५.१. बरोबर. आता पुढचा प्रश्न. देशाची घटना म्हणते, संसदेत किमान दहा टक्के महिला हव्यात. जागा ५१. निवडून आलेल्या महिला पाच. म्हणजे झाले ९.८ टक्के. मग घटनेचं पालन झालं की नाही? पाच पुरे, की सहावी हवी?

शाळेतल्या पेपरात शोभेल असा प्रश्न आहे. पण २०२१ साली या दशांश चिन्हावरून एका देशाचं सरकार साडेतीन महिने अधांतरी राहिलं. आणि यातली सगळ्यात विचित्र गोष्ट अशी, की महिलांना संसदेत आणण्यासाठी केलेली ही तरतूद तिथे वापरली गेली ती पहिल्या महिला पंतप्रधानांची वाट अडवायला.

देश सामोआ. आणि त्या बाई, फियामे नाओमी माताआफा.

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण सत्ता, न्यायालय, पक्षफूट आणि बायकांचं राजकारण यात रस असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी देश समजून घेऊ.

प्रशांत महासागरात, न्यूझीलंड आणि हवाईच्या साधारण मधे सामोआ आहे. उपोलु आणि सवाई ही दोन मोठी बेटं, बाकी छोटी. क्षेत्रफळ आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. राजधानी अपिया. आपल्याकडे या देशाचं नाव ऐकलेलं असलंच तर रग्बीमुळे.

१९०० साली हा भाग जर्मनीच्या ताब्यात गेला. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू होताच न्यूझीलंडने तो घेतला. १९१८ मध्ये ऑकलंडहून 'तालुने' नावाचं जहाज आलं. जहाजावर इन्फ्लुएंझाचे रुग्ण होते, पण प्रशासनाने ते अलग न ठेवता प्रवाशांना उतरू दिलं. त्या साथीत देशातला जवळपास दर पाचवा माणूस मेला. त्या जखमेतून आणि परक्या कारभाराच्या रागातून 'माऊ' ही अहिंसक चळवळ मोठी झाली. घोषणा साधी होती, सामोआ सामोआच्या लोकांचा. २८ डिसेंबर १९२९ ला अपियात माऊची मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. चळवळीचे नेते तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरे त्यात मारले गेले. पुरुष रानात पांगले, तेव्हा चळवळ बायकांनी चालवली.

या चळवळीच्या पुढाऱ्यांपैकी एक होते फियामेंचे आजोबा. आणि १ जानेवारी १९६२ ला सामोआ स्वतंत्र झाला, तेव्हा पंतप्रधान होते फियामेंचे वडील, फियामे माताआफा फाउमुइना मुलिनुउ दुसरे. देशाचे पहिले पंतप्रधान.

"म्हणजे घराणेशाहीच की!" असं कुणीतरी म्हणणारच. थांबा जरा. घराणं आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण सामोआत घराण्याचा वारसा आपोआप मुलाबाळांकडे जात नाही. त्यासाठी 'मताई' म्हणजे काय ते माहीत हवं.

सामोआतलं मोठं कुटुंब म्हणजे 'आइगा'. आपल्या भावकीसारखं समजा. या आइगाकडे एक किंवा जास्त किताब असतात. ज्याला किताब मिळतो तो मताई, कुटुंबाचा प्रमुख. जमिनीचा कारभार तो बघतो, गावाच्या सभेत कुटुंबाच्या वतीने तो बोलतो. किताब बापाकडून पोराकडे सरळ उतरत नाही. सगळ्या शाखा बसतात, चर्चा होते, आणि एकमताने माणूस ठरतो. एकमत झालं नाही की भांडण 'जमीन आणि किताब न्यायालया'त जातं. हो, तिथे यासाठी वेगळं न्यायालय आहे. कारण देशातली सुमारे ८० टक्के जमीन या पारंपरिक मालकीची आहे आणि ती विकता येत नाही. किताब कुणाचा, यावर जमीन कुणाच्या शब्दाने चालणार हे ठरतं.

तेव्हा 'फियामे' हे बाईंचं पाळण्यातलं नाव नव्हे. तो किताब आहे. नाव नाओमी.

नाओमी यांचा जन्म २९ एप्रिल १९५७ चा. आई लाउलु फेताउइमालेमाऊ माताआफा शिक्षिका होत्या, पुढे खासदार झाल्या आणि न्यूझीलंडमध्ये सामोआच्या उच्चायुक्तही झाल्या. मुलीला अकराव्या वर्षी वेलिंग्टनच्या शाळेत पाठवलं. पुढे तिने तिथल्याच व्हिक्टोरिया विद्यापीठात राज्यशास्त्र घेतलं. पण मे १९७५ मध्ये पंतप्रधान पदावर असतानाच वडील गेले. नाओमी तेव्हा अठरा वर्षांच्या. एकुलत्या एक.

वडिलांचे दोन मोठे किताब होते. 'माताआफा' हा देशातल्या चार सर्वोच्च किताबांपैकी एक. आणि 'फियामे' हा लोतोफागा गावचा. किताबांवर दावे सुरू झाले. १९७७ मध्ये नाओमी शिक्षण मधेच टाकून घरी परतल्या आणि न्यायालयात उभ्या राहिल्या. वय विशीचं, त्यात मुलगी, त्यात लग्न न झालेली. सामोआत बाई मताई होऊ शकते, पण मताईंमध्ये बायकांचं प्रमाण तेव्हाही फार कमी होतं आणि आजही आहे. काही गावं तर बाईला किताब द्यायलाच तयार नसतात. तरीही १९७८ मध्ये 'फियामे' किताब त्यांना मिळाला.

म्हणजे या बाईंच्या सार्वजनिक आयुष्याची सुरुवातच मुळी जमीन आणि किताब न्यायालयाच्या दारात झाली. हे लक्षात ठेवा. बेचाळीस वर्षांनी त्यांनी मंत्रिपद सोडलं ते याच न्यायालयाच्या प्रश्नावर.

१९८५ मध्ये त्या लोतोफागातून संसदेत गेल्या. तेव्हा सामोआत मतदानाचा हक्क फक्त मताईंना होता. सामान्य माणसाला मत नाही. म्हणजे मतदार बहुतेक सगळे पुरुष, वयस्कर, किताबवाले. त्यांनी सत्तावीस वर्षांच्या बाईला निवडून दिलं. २१ वर्षांवरील सगळ्यांना मताधिकार मिळाला तो १९९० च्या सार्वमतानंतर. उमेदवार मात्र मताईच असावा लागतो, ही अट आजही आहे. बाईला निवडणूक लढवायची तर आधी किताब मिळवायचा, मग उमेदवारी. दोन उंबरठे ओलांडावे लागतात, आणि पहिला जास्त उंच आहे. संसदेत महिला कमी का, याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

१९९१ मध्ये पंतप्रधान तोफिलाऊ एती आलेसाना यांनी त्यांना शिक्षणमंत्री केलं. सामोआच्या मंत्रिमंडळातली पहिली महिला. शिक्षण खातं त्यांनी सलग पंधरा वर्षं सांभाळलं. मग महिला आणि समाजविकास, मग न्याय खातं. २०१६ मध्ये उपपंतप्रधान. तिथेही पहिल्याच.

पक्ष एकच, ह्यूमन राइट्स प्रोटेक्शन पार्टी. नावात मानवी हक्क, आणि १९८२ पासून एक छोटा खंड सोडला तर सलग सत्ता. १९९८ पासून पंतप्रधान तुइलाएपा साइलेले मालिएलेगाओई. या माणसाची पकड केवढी होती ते दोन उदाहरणांवरून कळेल. २००९ मध्ये त्यांनी अख्ख्या देशाची गाडी चालवायची बाजू बदलली. ७ सप्टेंबरला सकाळी लोक रस्त्याच्या उजवीकडून डावीकडे आले. कारण, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधून स्वस्त गाड्या आणता याव्यात. आणि २०११ मध्ये त्यांनी कॅलेंडरच बदललं. व्यापार ज्यांच्याशी त्यांच्याच तारखेला राहायचं म्हणून आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या दुसऱ्या बाजूला उडी मारली. २९ डिसेंबरनंतर थेट ३१ डिसेंबर. ३० डिसेंबर २०११ हा दिवस सामोआत उगवलाच नाही.

दोन्ही निर्णय चुकीचे होते असं मी म्हणत नाही. दोन्हींमागे हिशोब होता. पण ज्याला देशाचा रस्ता आणि देशाची तारीख बदलता येते, त्याला हळूहळू वाटू लागतं की आपल्याला काहीही बदलता येईल. २०१६ च्या निवडणुकीनंतर संसदेत विरोधी पक्ष जवळजवळ नावालाही उरला नव्हता. मग २०२० मध्ये तीन विधेयकं आली.

या विधेयकांचा गाभा असा. जमीन आणि किताब न्यायालय सर्वोच्च न्यायालयाच्या कक्षेतून बाहेर काढायचं. त्याची स्वतःची वेगळी अपीलव्यवस्था. तिथे नागरिकाच्या मूलभूत हक्कांवर गदा आली तरी त्याला सर्वोच्च न्यायालयात दाद मागायची वाट बंद. सरकारचं म्हणणं ऐकायला गोड होतं. आमच्या परंपरांचा निवाडा परक्या पद्धतीच्या न्यायालयाने का करावा? गावाचा हक्क मोठा, व्यक्तीचा हक्क नंतर.

वकील संघटनेने विरोध केला. न्यायाधीशांनीही चिंता मांडली. आणि मंत्रिमंडळातून उपपंतप्रधान फियामे यांनी विरोध केला.

आता बघा, या विधेयकांना विरोध करणाऱ्याला 'परंपराद्रोही' ठरवणं किती सोपं होतं. पण समोर कोण होतं? स्वतः उच्च किताबाची मताई. माऊ पुढाऱ्याची नात. पहिल्या पंतप्रधानांची लेक. जिने स्वतःचा किताब त्याच न्यायालयात लढून मिळवला. तिला परंपरा शिकवायची कुणाची छाती? बाईंचा मुद्दा साधा होता. परंपरा ठेवा, पण ज्याच्यावर अन्याय झाला त्याला दाद मागायला स्वतंत्र न्यायालय राहू द्या.

सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ३५ वर्षं ज्या संसदेत काढली, तिथे त्या अपक्ष झाल्या. विधेयकं डिसेंबरमध्ये मंजूर झालीच.

इथे एक प्रश्न विचारायला हवा. एवढी वर्षं या बाई त्याच मंत्रिमंडळात होत्या ना? सत्ता एका हातात गोळा होत होती तेव्हा त्या आतच होत्या. हा आक्षेप खरा आहे आणि तो पुसून टाकता येत नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. आत राहिल्यामुळे राज्ययंत्राचा प्रत्येक खिळा त्यांना माहीत होता. आणि बाहेर पडल्या त्या तिकीट कापलं म्हणून नव्हे, खातं काढलं म्हणून नव्हे. हातात उपपंतप्रधानपद असताना पडल्या.

त्याच सुमारास संसदेचे माजी सभापती लाउली लेउआतेआ श्मिट यांनीही पक्षाशी फारकत घेऊन नवा पक्ष काढला होता. सामोअन नावाच्या आद्याक्षरांवरून 'फास्ट'. नावाचा अर्थ साधारण असा, देवावर श्रद्धा आणि सामोआ एक. फियामे जानेवारी २०२१ मध्ये त्यात गेल्या आणि मार्चमध्ये नेत्या झाल्या. महिनाभरात निवडणूक.

९ एप्रिल २०२१. निकाल: सत्ताधारी २५, फास्ट २५, अपक्ष एक.

जुना बुरूज हलला होता. सगळ्यांच्या नजरा त्या एका अपक्षाकडे, तुआला तेवागा इओसेफो पोनिफासिओ यांच्याकडे. तो ज्याच्याकडे जाईल त्याचं सरकार. आणि तो आपला निर्णय जाहीर करणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी निवडणूक आयुक्तांनी घोषणा केली. महिलांचं दहा टक्के प्रमाण पूर्ण होत नाही, म्हणून एक जादा जागा निर्माण करून ती सत्ताधारी पक्षाच्या महिला उमेदवाराला देत आहोत.

ही जादा जागेची तरतूद २०१३ ची. कल्पना चांगली होती. महिला कमी निवडून आल्या तर पराभूत महिला उमेदवारांपैकी जास्त मतं मिळवणारीला जादा जागा द्यायची. तेव्हा संसदेत ४९ जागा होत्या, त्यामुळे मजकुरातच 'सध्या पाच' असं लिहिलं होतं. २०१६ मध्ये चारच निवडून आल्या, एक जादा जागा दिली, कुणी कुरकुर केली नाही. पुढे जागा ५१ झाल्या, आणि पाच म्हणजे दहा टक्क्यांपेक्षा केसभर कमी. ही केसभर फट आता कामाला आली.

दुसऱ्या दिवशी अपक्षाने फास्टला पाठिंबा दिला. पण आता आकडा २६ विरुद्ध २६.

४ मे ला राष्ट्रप्रमुखांनी कोंडी झाली म्हणून नव्याने निवडणूक जाहीर केली. १७ मे ला सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी रद्द केल्या. जादा जागाही आणि नवी निवडणूकही. घटनेनुसार निवडणुकीनंतर ४५ दिवसांच्या आत संसद भरायला हवी, म्हणजे २४ मे पर्यंत. राष्ट्रप्रमुखांनी २४ मे ची बैठक बोलावली. दोन दिवस आधी स्थगित केली. २३ मे ला, रविवार असूनही, न्यायालय बसलं आणि स्थगिती रद्द केली. सामोआसारख्या देशात, जिथे रविवार म्हणजे चर्च आणि घर, तिथे न्यायालय रविवारी बसलं यावरूनच प्रसंग समजा. त्याच रात्री सभापतींनी सांगितलं, संसद भरणार नाही.

२४ मे ची सकाळ. सरन्यायाधीश सातिऊ सिमातिवा पेरेसे न्यायाधीशाच्या पोशाखात संसद भवनापर्यंत चालत गेले. दार बंद आहे का, स्वतः पाहिलं. बंद होतं. परत फिरले. फियामे आपल्या सदस्यांना घेऊन आल्या. दार बंदच.

आता जगाच्या पाठीवर अशा वेळी काय काय झालंय ते आठवा. कुठे दारं फोडली गेली, कुठे सैन्य आलं. इथे लोकांनी आवारात तंबू ठोकला. भजनं म्हणावीत तशी चर्चमधली गीतं म्हटली. दिवसभर वाट पाहिली. आणि संध्याकाळी त्या तंबूत फियामे आणि त्यांच्या सदस्यांनी शपथ घेतली. एक काच फुटली नाही.

पुढचे दोन महिने एका देशात दोन पंतप्रधान. एक कार्यालयात बसलेले, एक तंबूत शपथ घेतलेल्या. २ जूनला अपील न्यायालयाने जागांच्या गणिताचा निकाल दिला, आणि तो ऐकण्यासारखा आहे. किमान सहा महिला हव्यात, हे खरं. पण जादा जागा द्यायची ती सगळ्या निवडणूक याचिका आणि पोटनिवडणुका संपल्यावर, आत्ता नाही. म्हणजे हक्क मान्य, हक्काच्या नावाखाली केलेली चलाखी अमान्य. २८ जूनला सर्वोच्च न्यायालयाने तंबूतली शपथ ग्राह्य धरली नाही, पण सात दिवसांत संसद भरवा म्हणून बजावलं. तरी भरली नाही. अखेर २३ जुलैला अपील न्यायालयाने निर्णय दिला. दार बंद ठेवलं गेलं, दुसरा मार्गच ठेवला नाही, तेव्हा गरजेच्या तत्त्वानुसार तंबूतली शपथ वैध आणि २४ मे पासून हेच सरकार. तीन दिवसांनी तुइलाएपांनी हार मान्य केली.

इथवर ही गोष्ट सांगून थांबणारे बरेच आहेत. धाडसी बाई, बंद दार, तंबू, विजय. टाळ्या. पण खरी परीक्षा पुढे होती.

सप्टेंबर २०२१ मध्ये नवी संसद भरली. तेव्हा नव्या सभापतींनी जुन्या सत्ताधाऱ्यांनाच आत येऊ दिलं नाही! ज्यांना चार महिन्यांपूर्वी दार बंद होतं, त्यांच्याच राज्यात दुसऱ्यांना दार बंद. न्यायालयाने पुन्हा आदेश दिला, आणि काही दिवसांत विरोधकांची शपथ झाली. २०२२ मध्ये तुइलाएपांना संसदेतून निलंबित केलं, तेही न्यायालयाने बेकायदा ठरवलं. ज्या न्यायालयाने यांना सत्तेत बसवलं, त्याच न्यायालयाने यांनाही टोकलं. स्वतंत्र न्यायालय हवं होतं ना? ते असं असतं. ते कुणाचंच नसतं.

दुसरीकडे, ज्या राष्ट्रप्रमुखांनी फियामेंची वाट अडवली होती, त्यांचीच २०२२ मध्ये याच संसदेने फेरनियुक्ती केली. सूड घ्यायची सोय होती. घेतला नाही.

कारभाराचं म्हणाल तर प्रत्येक मतदारसंघाला वर्षाला दहा लाख ताला (तिथलं चलन) थेट विकासासाठी देण्याची योजना आली. चीनच्या मदतीने वाइउसु इथे होणारं सुमारे दहा कोटी डॉलरचं बंदर देशाच्या कर्जाकडे बघून थांबवलं. चीनशी संबंध मात्र तोडले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रकुल परिषद अपियात भरली. प्रशांत महासागरातल्या छोट्या बेटराष्ट्रात ती भरण्याची ही पहिलीच वेळ. राजे चार्ल्स आले, भारताचं शिष्टमंडळही होतं. समुद्र चढतोय, बेटं बुडतायत, हे तिथे बसून सांगण्याला वेगळं वजन होतं. आणि ज्या जमीन-किताब कायद्यांवरून फियामेंनी राजीनामा दिला होता, ते त्यांच्या कारकिर्दीत पूर्णपणे रद्द झाले नाहीत. हेही नोंदवायलाच हवं.

मग जानेवारी २०२५. पक्षाचे संस्थापक आणि कृषिमंत्री लाउली यांच्यावर पोलिसांनी गुन्हे दाखल केले. आरोप म्हणजे दोष नव्हे, पण मंत्रिपद सोडा, असं पंतप्रधानांचं म्हणणं. ते सोडेनात. फियामेंनी त्यांना काढलं. पाच दिवसांत पक्षाने फियामेंनाच काढलं. पंतप्रधानांची पक्षातून हकालपट्टी!

आता संसदेत तीन गट. २५ फेब्रुवारीला तुइलाएपांनी अविश्वास ठराव आणला, १५ विरुद्ध ३४ मतांनी पडला, कारण लाउली गटाने साथ दिली नाही. ६ मार्चला लाउली गटाने ठराव आणला, १९ विरुद्ध ३२ ने पडला, कारण आता तुइलाएपांनी साथ दिली नाही. दोन्ही विरोधकांना बाई नको होत्या, पण श्रेय दुसऱ्याला जायला नको होतं. हे वाचून ओळखीचं हसू आलं असेल तर ते तुमच्यापाशीच ठेवा.

त्यात वसंत नाही की उन्हाळा नाही, वीजच गेली. उपोलुवर वीजटंचाई इतकी वाढली की मार्चअखेर आणीबाणी जाहीर करावी लागली. आणि २७ मे ला अर्थसंकल्पावर दोन्ही गट एकत्र आले. बाजूने १६, विरोधात ३४, तटस्थ दोन.

अर्थसंकल्प पडला म्हणजे सरकार पडलं. फियामेंनी काय केलं? त्याच दिवशी निवडणुकीचा मार्ग स्वीकारला. जूनच्या सुरुवातीला संसद विसर्जित झाली. जादा जागा नाही, स्थगिती नाही, कुलूप नाही. त्यांनी नवा पक्ष काढला. २९ ऑगस्टला मतदान झालं. फास्टला स्पष्ट बहुमत मिळालं. फियामेंच्या पक्षाला मिळाल्या तीन जागा. लोतोफागा त्यांनी राखलं, बाकी जवळपास सगळं गेलं. सप्टेंबरमध्ये लाउली पंतप्रधान झाले. शपथविधी संसदेत, उघड्या दाराने.

२०२१ ला जे व्हायला साडेतीन महिने आणि अर्धा डझन खटले लागले, ते २०२५ ला अडीच आठवड्यांत झालं.

माझ्या मते फियामेंची मोठी कामगिरी ही आहे. तंबूतल्या शपथेचा फोटो जगभर गेला. २०२५ च्या पराभवाचा फोटो कुणी छापला नाही. पण नियम आपल्या बाजूने असताना नियमाचं गुणगान कुणीही करतं. आकडा विरोधात गेल्यावर निमूटपणे लोकांसमोर जाणं आणि हरणं, हे करणारे मोजके. तुइलाएपा त्यांच्यापेक्षा कमी कर्तबगार होते असं नाही. फरक एवढाच, की त्यांना आपल्याशिवाय सामोआची कल्पनाच करता येईना.

आणि महिलांबद्दल दोन शब्द. आरक्षणाची, कोट्याची तरतूद वाईट नसते. ती कुणाच्या हातात आहे हे बघावं लागतं. सामोआत त्याच तरतुदीने काही महिलांना संसदेत आणलं, आणि त्याच तरतुदीने एका महिलेला रोखायचा प्रयत्न झाला. कागदावर बाईचं नाव लिहून कारभार दुसऱ्यानेच हाकायचा, हे आपल्याकडच्या ग्रामपंचायती जाणणाऱ्यांना नवीन नाही. कायदा दार उघडून देतो. आत गेल्यावर त्या बाईचं डोकं तिचं स्वतःचं असेल की नाही, ते मात्र तिला किती मोकळेपणाने वाढू दिलं यावर ठरतं.

फियामे आज साठी ओलांडून पुढे गेल्या आहेत. १९८५ ला ज्या गावाने निवडून दिलं, त्याच गावाच्या खासदार आहेत. सत्ता नाही, मोठा पक्ष नाही. त्यांच्यानंतर सामोआत दुसरी महिला पंतप्रधान कधी होईल, हे अवलंबून आहे किती आइगा आपला किताब लेकीला देतात यावर. त्याचा निर्णय संसदेत होत नाही. घराघरात, चटईवर बसून होतो.

तुमच्या घरात असे निर्णय कोण घेतं? कमेंटमध्ये लिहा. पोस्ट पटली असेल तर शेअर करा, नसेल पटली तर मुद्द्याने खोडा. दोन्हीचं स्वागत.